मिरगाआधी बंब तपासताना : नळा, डाग, जाळी, तोटी

कौलारू (धागाकर्ता)

मे अर्धा सरला की पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई सुरू होते. सोलां, मिरच्या, खारं सगळं घरात येतं, कौलांची शाकारणी होते. न्हाणीतला बंब मात्र पाऊस लागल्यावरच आठवतो, आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) घर पाहुण्यांनी भरलेलं असताना नेमका बुडातून ठिबकायला लागतो. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्या दिवसांत ओला बंब सुकत नाही आणि डाग देणाऱ्यालाही, म्हणजे कथील वितळवून सांधे जोडणाऱ्यालाही, वेळ नसतो. म्हणून हे काम मिरगाच्या दोन-तीन आठवडे आधी उरकायचं.

इथे बोलतोय ते तांब्या-पितळेच्या नेहमीच्या बंबाबद्दल. बाहेर पाण्याची टाकी, तिच्या मधून वर जाणारा जाळाचा नळा, नळ्याच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राख. चुलीत बसवलेलं भाण ही वेगळी जात आहे, त्याचा धागा वेगळा काढू.

सुरुवात राखेपासून. गेल्या हिवाळ्यातली राख अजून खाली बसलेली असेल तर ती कोरडीच काढा, पाणी मारून नको. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. ती हवेतली ओल ओढून घेते आणि तयार होणारं खारट पाणी नळ्याच्या खालच्या सांध्याला महिनोनमहिने चिकटून राहतं. बंब जाळापेक्षा या बसलेल्या राखेनेच जास्त जातो असं माझं मत आहे.

मग जाळी बाहेर काढायची आणि नळा आतून घासायचा. नारळाच्या काथ्याचा बोळा काठीला बांधला तरी पुरतो. तारेचा ब्रश घेतलात तर पितळी तारेचा घ्या, लोखंडी तारेने तांब्यावर चरे पडतात.

आता बॅटरीची कसोटी. टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी हवी. रात्री किंवा दारं लावून अंधार करा, छोटी एलईडी बॅटरी नळ्यात खालून वर सरकवा आणि पाणी भरायच्या तोंडातून आत बघा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. भोक सुईच्या टोकाएवढं असलं तरी चांदणीसारखं चमकतं. दिसलं की नळ्याच्या आतल्या बाजूने तिथे खडूने खूण करा, नंतर सापडत नाही.

शेवटी पाण्याची कसोटी. काठोकाठ भरा, बाहेरून फडक्याने कोरडा करा, खाली वर्तमानपत्र घाला, रात्रभर ठेवा. सकाळी कागद कुठे ओला आहे ते बघा.

---

डागवाला

चांगला धागा. एक भर घालतो. बॅटरी पत्र्यातली भोकं दाखवते, सांध्यातली गळती दाखवेलच असं नाही. सांध्यात पत्रा दुमडलेला असतो, पाणी वळणं घेत बाहेर येतं आणि उजेड काही वळत नाही. सांधा बघायचा तो रंगावरून. हिरवा ओघळ असेल तर हळू गळती बऱ्याच दिवसांची आहे. पांढरी खरखरीत कड म्हणजे क्षार सुकलेत, गळती अलीकडची. काळा चकचकीत थर हा धुराचा चिकटा, तो खरवडून खाली बघितल्याशिवाय काही बोलू नका, कारण बऱ्याचदा तोच भोक धरून बसलेला असतो.

सगळ्यात आधी जातो तो नळा आणि टाकीचं बूड जिथे मिळतात तो सांधा. तिथे कथलाचा डाग आहे की पितळेची झाळ, हे आधी ओळखा. सुरीच्या टोकाने हळूच ओरखडा काढा. रुपेरी आणि मऊ लागलं तर कथील-शिशाचा डाग, पिवळट आणि कडक असेल तर झाळ. फरक मोठा आहे. साधा डाग १८५ ते २०० अंशांच्या आसपास वितळायला लागतो, पितळ ९०० च्या पुढे, तांबं १०८५ अंशांना. पाणी मागे असेपर्यंत सांधा शंभराच्या फार वर जात नाही, म्हणून कथलाचा डागही वर्षानुवर्षं टिकतो. पाणी संपलं की पाच-दहा मिनिटांचा खेळ.

---

न्हाणी_नंबर१

आमच्या बंबात एक कोडं आहे. रात्रभर भरून ठेवला तर कागद कोरडा. पण पेटवला की दहा मिनिटांत जाळीवर थेंब पडायला लागतात, निखाऱ्यावर चुर्र चुर्र आवाज येतो. पाणी तापत आलं की आपोआप बंद. डाग देणारा म्हणतो नळा बदला. काय करावं?

---

पाणीपातळी

नळा बदलू नका, निदान इतक्यावर तरी. तो घाम आहे. लाकूड जळताना वाफ तयार होते: एक किलो अगदी कोरडं लाकूड जाळलं तरी साधारण अर्धा किलो पाणी वाफेच्या रूपात धुरात जातं, लाकडातली ओल वेगळीच. ती वाफ गार पाण्यामागच्या गार तांब्यावर धरते आणि ओघळते. तांबं एवढं तापलं की हात ठेववत नाही, मग घाम थांबतो. खरी गळती असेल तर पाणी तापल्यावरही चालूच राहते.

खात्री करायची असेल तर पेटवताना बंबात गार पाण्याऐवजी दुसरीकडे तापवलेलं कढत पाणी भरा. थेंब पडलेच नाहीत तर नळा शाबूत.

मात्र घाम जास्त येतोय म्हणजे लाकूड ओलं असू शकतं. त्या थेंबांत धुरातली आम्लं असतात, ती जाळीला खातात आणि सांध्यालाही.

---

न्हाणी_नंबर१

कढत पाणी भरून बघितलं. एकही थेंब नाही. नळ्याचे पैसे वाचले, आभार.

---

सोडणां

बुडाच्या सांध्याला बाहेरून इपॉक्सी पुट्टी लावली तर एक सीझन निघतो का? बाजारात दोन कांड्या मळून लावायची मिळते ती.

---

डागवाला

टाकीच्या बाहेरच्या अंगाला, जाळापासून लांब, तोटीच्या वगैरे बाजूला लावली तर चवथ निघेल. नळ्याच्या बाजूला अजिबात नको. तापली की मऊ पडते, धुराने सुटते, आणि मुख्य म्हणजे नंतर तिथे डाग धरत नाही. पुट्टी लावलेला बंब दुकानात आला की अर्धा वेळ ती खरवडण्यात जातो आणि ते पैसे तुमच्याच बिलात येतात.

नळ्याचं भोक झाळायचंच. तांब्याला तांब्याशी जोडायला फॉस्फरस असलेली तांब्याची कांडी मिळते, ती छान धरते. लोखंडी भागाला ती वापरू नये, जोड ठिसूळ होऊन तडकतो. आणखी एक लक्षात ठेवा: झाळ देताना शेजारचा जुना कथलाचा डाग वितळतो. म्हणून एक भोक झाळून घेतलं की अख्खा बंब परत पाण्याने तपासून मगच घरी न्या.

थिगळ कधी, नवा नळा कधी? सांध्यात एका ठिकाणी गळती असेल तर डाग. पत्र्यात एकच भोक आणि भोवतालचा पत्रा जाड असेल तर थिगळ. पत्र्यात तीन-चार ठिकाणी चांदण्या दिसल्या तर पत्रा पातळ झालाय, एक भोक बुजवताना झाळेच्या उष्णतेने शेजारी दुसरं पडतं. तेव्हा नवा नळा. बाहेरची टाकी सहसा चांगली असते, ती टाकू नका. नळ्याला २० गेजचा पत्रा म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, १८ गेजचा १.२. थोडे पैसे जास्त गेले तरी नळ्याला १८ च सांगा.

पातळ पत्रा ओळखायला लाकडी मुठीने नळ्यावर खालून वर टकटक करत जा. जाड पत्रा ठणठणतो, पातळ जागी आवाज बसका येतो आणि अंगठ्याने दाबलं तर पत्रा लवतो. निखारे सारखे करायची सळी जिथे आपटते तिथे हमखास खड्डे असतात, तिथे आधी बघा.

---

कौलारू

जाळीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मीच. समुद्राकाठच्या हवेत जाळी हा बंबातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर जाणारा भाग. ८ किंवा १० मिलिमीटरच्या लोखंडी सळ्यांची असेल तर मधोमध लवली आहे का बघा. सळी मूळ जाडीच्या दोन तृतीयांश उरली की बदलायची. सळ्यांमधली फट १० ते १२ मिलिमीटर ठेवा. त्याहून मोठी झाली तर करट्यांचे (नारळाच्या करवंट्यांचे) निखारे अर्धे जळलेलेच खाली पडतात.

जाळी लवण्याचं कारण बहुतेक वेळा जाळ जास्त हे नसतं. खाली राख जाळीपर्यंत भरली की खालून येणारी हवा बंद होते, आणि जाळी थंड ठेवते ती हीच हवा. म्हणून राख जाळीच्या खाली निदान चार बोटं मोकळी राहील इतकी आधीच काढायची. नवी जाळी नळ्यात अगदी घट्ट बसवू नका. लोखंड तापून पसरतं आणि नळ्याला आतून ढकलतं, चहूबाजूंनी ४-५ मिलिमीटर सैल हवी.

---

रानमोगरा

काणकोणात आमच्या होमस्टेला धुराचा पाइप लावलेला बंब आहे, ४० लिटरचा. नळ्यावर ४ इंची पत्र्याचा पाइप, तो कौलांतून बाहेर. पावसाळाभर बंद असतो, ऑक्टोबरमध्ये पाहुणे सुरू होतात. पाइपात काय काय बघायचं?

---

पाणीपातळी

तुमचा सीझन चवथीनंतरचा, तपासणी सप्टेंबरअखेर करा. चार महिने बंद राहिलेल्या पाइपात पहिली शंका घरट्याची. कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, गांधीलमाश्या टोपीखाली पोळं करतात. वरची टोपी काढून दोरीला बांधलेला ब्रश आरपार गेला पाहिजे. कौलांवर चढायला शेवाळ वाळल्याशिवाय जाऊ नका.

मग चिकटा. ओलं लाकूड मंद जाळलं की पाइपात डांबरासारखा काळा थर धरतो. भुकटी असेल तर ब्रशने निघते. काचेसारखा चकचकीत आणि जाडी ३ मिलिमीटरवर गेली असेल तर पाइप उतरवून साफ करा, नाहीतर बदला. हा थर पेट घेतो तेव्हा पाइप लालभडक होतो, आणि वर तुमचे वासे आणि रीपा वाळलेल्या लाकडाच्या.

त्यावरूनच पुढचं. एकपदरी पत्र्याचा पाइप कुठल्याही लाकडापासून ४५ सेंटिमीटर म्हणजे १८ इंच लांब हवा. कौलांतून जातो तिथे एवढी जागा सहसा नसते. तिथली रीप कापून भोवती पत्र्याची चौकट करा आणि पाइपाला दुसरा, मोठ्या व्यासाचा पत्र्याचा वेढा द्या, मधे हवा खेळू द्या. लाकूड काळवंडलेलं दिसलं तर उशीर होत चालला आहे.

पाइपाचे तुकडे कसे बसवलेत तेही बघा. वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत जायला हवं. मग चिकटा आतल्या आत खाली येतो आणि जाळात जळतो. उलटं बसवलं असेल तर प्रत्येक सांध्यातून बाहेर काळे ओघळ येतात. ते ओघळ दिसले की लोक सांधा सिमेंटने भरतात, पाइप काही उलटवत नाहीत!

आणि तो पाइप जुन्या सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचा असेल तर कापू नका, भोक पाडू नका, घासू नका. तापला की तडकतो, आणि धूळ छातीला वाईट.

---

रानमोगरा

पाइप पत्र्याचाच आहे. टोकं उलटी बसवलेली निघाली, ओघळ आहेतच. बंब न्हाणीच्या आत आहे, धूर पाइपातून बाहेर जातो, मग दार लावून आंघोळ चालेल ना?

---

पाणीपातळी

नाही. धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही असं नव्हे. धगधगते निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्याला रंग नाही, वास नाही. ज्वाळा संपून निखारे उरले की धूर थांबतो आणि नेमकं तेव्हाच आपण दार लावून आंघोळीला बसतो. पाहुण्यांना हे माहीत असणार नाही. बंब पडवीत काढा, तोटीचं पाणी पाइपाने आत न्या. तोवर वर आणि खाली असे दोन कायम उघडे झरोके ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी बाहेर, चौकशी नंतर.

ओढ, म्हणजे पाइप धूर वर खेचतो का, ते तपासायला जाळीवर वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. तोंडातून बाहेर फेकला तर पाइप तुंबलाय किंवा टोपी फार खाली बसलीय.

---

सोडणां

जळणाचं काय? आमच्याकडे करट्या, सोडणं (नारळाची सालं), चुडतं (झावळ्या), पिडे (झावळीचे देठ) आणि काजूची साल भरपूर.

---

कौलारू

करट्या उत्तम, पण कडक. थोड्या टाका, नळा भरून नको. सोडणं नीट वाळलेली असतील तर पेटवायला छान, ओली असतील तर नुसता धूर. चुडतं भरभर जळतात, पेटवण्यापुरती. काजूबियांची टरफलं टाकूच नका, त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो आणि नळ्यात चिकटा धरतो. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड आणि समुद्रावर वाहून आलेलं लाकूडही नको. त्यातलं मीठ जाळीला आणि पाइपाला खातं.

लाकूड मे महिन्यातच पडवीत रचा, जमिनीपासून वीतभर वर. टोकाला चिरा पडलेल्या असल्या आणि दोन ओंडके आपटल्यावर टणक आवाज आला की वाळलं समजायचं. ओलीचं मीटर असेल तर ओंडका फोडून आतल्या बाजूला लावा, २० टक्क्यांच्या खाली हवं.

हिशेबाने तपासायचं असेल तर एक सोपी युक्ती. २५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे ३.१ मेगाज्यूल लागतात. वाळलेल्या लाकडात किलोला साधारण १५ असतात. निम्मी उष्णता पाण्याला लागली असं धरा, म्हणजे ४०० ग्रॅम लाकूड. एकदा तराजूवर मोजून जाळा. किलोच्या वर लागत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा नळ्यात काजळी जाड झालीय.

---

न्हाणी_नंबर१

तोटीबद्दल विचारायचं राहिलं. मुळाशी सारखी ओल असते. गेल्या वर्षीच नवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) निपल, म्हणजे तोटी जोडायचा आटेदार नळीचा तुकडा, टाकला, तो आत्ताच गंजून गेलाय.

---

डागवाला

तांब्यात लोखंडी निपल बसवला की दोन धातू आणि पाणी मिळून बॅटरीच होते, आणि त्यात झिजतं ते लोखंड. पितळी निपल टाका, बस्स. आटे स्वच्छ करून टेफ्लॉनची पट्टी सात-आठ वेढे, आट्यांच्या दिशेने. पिरगळताना एका पान्याने बंबाच्या बाजूचा भाग धरा, दुसऱ्याने निपल फिरवा. एकाच पान्याने जोर लावला तर टाकीचा पत्राच पिळतो आणि बुडाचा डाग सुटतो.

पितळी तोटीवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर त्यातलं जस्त निघून गेलंय. तोटी वरून धड दिसते, पण आतून स्पंजासारखी झालेली असते. ती बदला.

तोटी बुडापासून दोन-तीन बोटं वर असते ती मुद्दाम, खाली पाणी राहावं म्हणून. कुणी "सगळं पाणी निघत नाही" म्हणून ती खाली बसवून मागतं. देऊ नये.

---

रानमोगरा

आमच्या विहिरीच्या पाण्याने न्हाणीच्या फरशीवर निळसर-हिरवे डाग पडतात. कल्हई करून घ्यावी का?

---

पाणीपातळी

जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुतेकदा मऊ आणि किंचित आम्ल असतं. ते रात्रभर तांब्यात राहिलं की तांबं विरघळतं, डाग त्याचेच. पीएचची पट्टी बुडवून बघा. ६.५ च्या खाली असेल तर पाणी रात्रभर भरून ठेवू नका, पेटवायच्या आधी भरा. आतून कल्हई केली तर फायदा होतो, पण कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून बंब एकदा कोरडा तापला की कल्हई गेली. आंघोळीपुरतं कल्हई नसली तरी चालतं. जुन्या डागात शिसं असतं, तेव्हा बंबाचं पाणी पिऊ नका, त्यात तांदूळही धुऊ नका.

बाहेरून चकचकीत करायला बिंबलं (एक आंबट फळ) किंवा आमसोलं चालतील, पण नंतर भरपूर पाण्याने धुवा, विशेषतः सांध्याजवळ. फरशी धुवायचं अ‍ॅसिड कधीच नको.

---

सोडणां

समजा चुकून कोरडा तापलाच, तर?

---

डागवाला

पाणी ओतू नका! पहिली चूक सगळे हीच करतात. कढत नळ्यावर गार पाणी पडलं की वाफ तोंडावर येते आणि सांधे पिळवटतात. निखारे चिमट्याने काढा, बंब आपोआप गार होऊ द्या, दोन तास तरी. मग जाळीवर बघा. रुपेरी, गोल दाणे सांडलेले दिसले तर डाग वितळून आलाय. तांब्यावर जांभळट-निळी झाक आली असेल तर तेवढा भाग खूप तापला होता, तिथला पत्रा मऊ पडतो आणि सळीने पटकन खड्डा पडतो. पाण्याची कसोटी घेतल्याशिवाय परत पेटवू नका.

टाळायचं असेल तर नळा बुडेल त्या पातळीला टाकीवर बाहेरून लाल खूण करा. पाणी त्याखाली गेलं की आधी भरायचं, मग जळण. आणि झाकण घट्ट बांधू नका, वाफेला वाट हवी. होमस्टेवाले कुणी बंब थेट वरच्या टाकीच्या पाइपाला किंवा पंपाला जोडून शॉवर लावत असतील तर वरून उघडी, वळवलेली नळी हवीच. तांब्याचा पत्रा दाब सोसायला केलेला नसतो.

---

रानमोगरा

पाइप उलटवून घेतला, ओघळ थांबले. बंब पडवीत हलवतोय. पितळी निपल कुठल्या मापाचा घ्यायचा?

---

डागवाला

बहुतेक तोट्या अर्धा इंची असतात, ४० लिटरच्या बंबाला कधी पाऊण इंची. जुना निपल सोबत घेऊनच दुकानात जा, आटे जुळवून बघा. शुक्रवारी म्हापशाला जात असाल तर दोन घ्या. एक हातात असू द्या, चवथीच्या आठवड्यात मिळत नाही.